हे कार्ड अजून कोण वापरतं?

आण्णा, तुमचं कॅसेट उतरवायचं कार्ड अजून चालतं. मध्यंतरी त्याची बोलती बंद झाली होती, आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅमच कायमचा काढून टाकायचं घाटत होतं, पण ते टळलं. सध्या तरी टळलं. ही गोष्ट जिला सांगावी अशी व्यक्ती मी बरेच दिवस शोधत होते. कॉलेजात कुणाला सांगितली असती तर 'बरं बरं' म्हणून ते चहाला निघून गेले असते. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुमच्या त्या सीड्यासुद्धा आता अडगळीत गेल्या, पण कार्ड म्हटलं की तुम्ही मान वर कराल एवढं मला माहीत आहे.

रविवार कारंज्याजवळच्या त्या जिन्याखालच्या दुकानात तुम्ही ते कार्ड संगणकात बसवलंत तो दिवस मला दिसतो. तुमच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे, चष्मा कपाळावर चढवलाय, आणि तुम्ही मला सांगताय की बोटं लावू नकोस, घामाने खराब होतं. पिवळी, पांढरी, लाल अशी टोकं व्हीसीआरला लावली आणि पडद्यावर कुणाची तरी वरात आली, तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. खरंच वाजवलीत. दुसऱ्या दिवशी बाहेर पाटी लागली, जुन्या लग्नाच्या कॅसेट सीडीवर करून मिळतील. तोवर खांद्यावर कॅमेरा आणि कमरेला बॅटरीचा पट्टा बांधून तुम्ही निम्म्या जिल्ह्याची लग्नं काढली होतीत. आत्या म्हणायची, जगाची लग्नं लागली, घरातलं तेवढं राहिलं. माझ्या तोंडावर म्हणायची. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात आणि मला त्याचा फार राग यायचा, कारण एकदा तरी तुम्ही तिला गप्प करावं असं मला वाटायचं. घरातलं राहिलं ते राहिलंच. आता आत्याही नाही, त्यामुळे तसं म्हणणारंही कुणी नाही.

तुम्ही गेल्यावर आईने दुकान मालकाला परत दिलं. संगणक सिडकोच्या घरी आला आणि तुमच्या कॉटशेजारी, खिडकीत बसला. मी अजून त्याच घरात राहते. पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. मुलांना लॉगिन करून द्यायचं, उंदराने वायर कुरतडली की बदलायची, सुट्टीत सगळ्या मशीनवर नवं काहीबाही टाकायचं, असलं काम. मुलं मला मॅडम म्हणतात आणि पास झाली की ओळखत नाहीत. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. शेजारच्या वहिनी तेवढ्या दारातून हाक मारतात. त्या तुमच्यानंतर राहायला आल्या, माहेर पेठ तालुक्याकडचं, स्वभावाने मोकळ्या.

एका रविवारी त्या ओढणीत गुंडाळलेली कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाची. तिकडच्याच कुणीतरी काढलेली, तुम्ही पाहिली असतीत तर पाच मिनिटांत उठला असतात, कारण कॅमेरावाल्याने निम्मा वेळ मांडवाचं कापडच काढलंय. वहिनी म्हणाल्या, "कालेज रोडपर्यंत फिरून आले ताई. कोणाकडं ते लावायचं मशीनच नाय राहिलं. तुमच्या वडलांचं व्हतं ना?" मी म्हटलं, मशीन आहे, पण चित्र कसं येईल सांगता येत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "चित्र नाय आलं तरी चालंल. आवाज तेवढा पायजे. हळदीला आई गाणं म्हणलीय त्यात. तिचा आवाज दुसरा कुठंच नाय माझ्याकडं." तुमचाही आवाज माझ्याकडे कुठेच नाही, आण्णा. तुम्ही जन्मभर कॅमेऱ्यामागे, आणि जिथे चुकून 'जरा इकडे बघा' म्हणालात तिथे स्वतःच वरून सनई टाकलीत.

संगणकावर मी मागेच नवी यंत्रणा टाकली होती, आमच्या लॅबमध्ये वापरतात ती. ती कुणा एका कंपनीची नाही. जगभरातली माणसं ती मिळून लिहितात, फुकट वाटतात, आणि कुणालाही तिच्या आत डोकावता येतं. प्रत्येक कार्डासाठी तिच्यात एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नसला तर तुमचं कार्ड म्हणजे नुसता पत्रा. तर मी कॅसेट लावली. हळद दिसली, बायका दिसल्या, मध्ये बसलेली एक बारीक म्हातारी तोंड उघडून गातेय हे दिसलं, आणि आवाज काहीच नाही. केबल बदलली, टोकं पुसली, व्हीसीआरला तुमच्यासारखी एक चापट दिली. काही उपयोग झाला नाही.

मग मी शोधत बसले आणि मला एक ईमेल सापडली. ही माणसं एकमेकांना भेटत नाहीत, फोनही करत नाहीत. सगळं ईमेलने, आणि ती ईमेल एकाला जात नाही, यंत्रणेच्या त्या भागावर काम करणाऱ्या सगळ्यांना जाते. तिथला शब्दन् शब्द साठवून ठेवलेला असतो आणि कुणालाही वाचता येतो. तुमच्या कार्डाच्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या गृहस्थाने, त्याला मेंटेनर म्हणतात, तिथे लिहिलं होतं की हे कार्ड आता कुणी वापरत असेल असं वाटत नाही, कित्येक वर्षांत कुणाची तक्रार नाही, कुणी काही बोललं नाही तर पुढच्या आवृत्तीत ड्रायव्हर काढून टाकू. माणूस कुठल्याशा थंड देशातला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "अहो, मी आहे ना!" घरात दुसरं कुणी नव्हतं ते बरं.

आण्णा, मी आयुष्यात कधी कुठल्या सभेत हात वर केलेला नाही. तरी लिहायला बसले. रिस्पेक्टेड सर, मग माझी ओळख, कॉलेज, तुमचं दुकान, तुमचा धंदा, सगळं सविस्तर. ती ईमेल तिथल्या यंत्राने परत पाठवली, कारण मी अक्षरं ठळक केली होती आणि तिथे साधा मजकूरच चालतो. दुसऱ्यांदा गेली. त्याचं उत्तर आलं तेव्हा मी लॅबमध्ये होते. त्याने माझे नमस्कार-चमत्कार सगळे कापून टाकले होते, तुमचं दुकानही कापलं होतं, आणि कामाची जी दोन वाक्यं उरली त्यांच्याखाली आपली उत्तरं लिहिली होती. ड्रायव्हरमध्ये त्या बाजूला काही बिघडण्यासारखं नाही, कार्ड फार जुनं आहे, त्याचा आवाजाचा भाग गेला असणार, दुसरं कार्ड लावून बघता येईल का? मला आधी अपमान वाटला. मग कळलं की तिथे सगळ्यांशी असंच बोलतात, एवढंच नाही तर इतक्या दिवसांत माझ्या प्रश्नाला कुणी इतकं नीट वाचून उत्तर दिलं नव्हतं.

दुसरं कार्ड मी कुठून आणणार? पण एक करता येत होतं. मी जुन्या काळची आवृत्ती शोधून टाकली, कॅसेट लावली, आणि खोलीत एकदम हळदीचं गाणं भरलं. कार्ड ठणठणीत होतं. मी वहिनींना हाक मारली. त्या पीठ लागलेल्या हातांनी आल्या, दारातच थांबल्या, आणि गाणं संपेपर्यंत आत आल्या नाहीत. मग पदराने तोंड झाकून रडल्या. मी त्यांना पेनड्राइव्हवर सगळं करून दिलं. कॅसेट परत देऊ लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमच्याकडं कशात लावणार?"

वहिनींचं काम तिथे झालं. मी मात्र थांबले नाही. जुन्या आवृत्तीत आवाज आहे, नव्यात नाही, म्हणजे मध्ये कुठेतरी कुणीतरी काहीतरी हलवलंय. ते शोधायची त्यांची एक रीत आहे. चालणारी आणि मुकी यांच्या बरोबर मधली आवृत्ती घ्यायची आणि ती आपल्या मशीनवर बांधायची, म्हणजे तिच्या मूळ लिखाणापासून नव्याने तयार करायची. आवाज आला तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. तुमचा संगणक म्हातारा, एकेक आवृत्ती बांधायला त्याला अख्खा दिवस लागायचा. सकाळी डबा भरताना काम लावून द्यायचं, कॉलेजहून आले की चपला काढायच्या आधी हळदीची कॅसेट लावायची. भिंतीपलीकडून वहिनी विचारायच्या, "काय ताई, आज आई गायली का?" कधी मी ओरडून सांगायचे, गायली. कधी म्हणायचे, नाही हो, आज मुकी. त्या दिवसांत मला संध्याकाळी घरी यायची घाई असायची. बसमध्येसुद्धा मी मनात म्हणायचे, आज गाईल.

शेवटी चूक सापडली. चूक त्या मेंटेनरच्याच हातची होती. त्याने कधीतरी ड्रायव्हरची साफसफाई करताना दोन ओळी खालीवर केल्या होत्या. त्यामुळे कार्ड जागं व्हायच्या आधीच त्याला 'बोल' असं सांगितलं जात होतं, आणि नंतर कुणी सांगतच नव्हतं. एवढंच. आता हे सगळ्यांच्या देखत त्याला कसं सांगायचं? एवढा मोठा माणूस, वर्षानुवर्षं हे काम करतोय, आणि मी कोण, तर काल आलेली. मी फक्त त्याच्या एकट्याच्या पत्त्यावर लिहिलं. माफी मागून, आडवळणाने, कदाचित माझंच चुकत असेल असं तीनदा म्हणून. मला वाटलं मी फार शहाणपणाने वागले.

हे शहाणपण मला कुणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. चांदवडच्या त्या लग्नाची कॅसेट बघायला नवरीचे मामा दुकानात आलेत, बरोबर आणखी पाहुणे. मी कॉलेजातून येऊन स्टुलावर बसलेय. अंतरपाट आहे, अक्षता उडताहेत, आणि टीव्ही शांत. मामा म्हणतात, "ओ शूटिंगवाले, मंगलाष्टका कुठं गेल्या? भटजी नुसतं तोंड हालवतोय. आवाजच नाय!" तुम्ही टीव्हीला चापट मारून म्हणता, स्पीकर गेलाय हो ह्याचा. आणि मी पटकन बोलते, "आण्णा, माईकची पिन बसलीच नव्हती. मी तेव्हाच बघितलं होतं." मामा खो खो हसतात. "पोरगी लय खरं बोलली! जाऊ द्या, गाणी टाका वरून. लगीन तर लागलंय ना!" ते मजेत गेले. तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि म्हणालात, "चारचौघांत बापाची चूक काढतेस? घरी येऊन सांगता येत नव्हतं?" नंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोलत होतात. मग एका संध्याकाळी मोठे काळे हेडफोन आणलेत, माझ्यापुढे ठेवलेत आणि म्हणालात, "यापुढे आवाज तू तपासायचा." ती तुमची माफी होती हे मला तेव्हाही कळलं. पण तोंडाने म्हणाला असतात तर बरं झालं असतं. पाहुण्यांसमोर रागावलात, माफी मात्र बंद दुकानात.

तर माझं खाजगी पत्र त्याच्या शेकडो पत्रांत बुडून गेलं. मी रोज बघत होते. आणि मग सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये त्याचं वाक्य आलं, की एका व्यक्तीने कार्ड वापरत असल्याचं कळवलं होतं, पण पुढे तिच्याकडून काहीच आलं नाही, तेव्हा ड्रायव्हर काढून टाकतोय. आण्णा, मी रडले. हसाल, पण रडले. मी बोलले होते, सगळ्यात आधी बोलले होते, आणि जगाच्या लेखी मी गप्प बसलेली होते. मग त्याला पुन्हा लिहिलं, या वेळी जरा तिखट. त्याचं उत्तर लगेच आलं. म्हणाला, तुमचं पत्र सापडलं, वाचलं. पण असं मला एकट्याला सांगत जाऊ नका, दुसऱ्या कुणाला कळत नाही आणि मीही विसरतो. माझं चुकलं असेल तर ते सगळ्यांसमोर लिहा.

त्या दिवशी मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. मग लिहिलं. नमस्कार नाही, आडवळण नाही. आवाज अमुक बदलापासून गेला आहे, तो बदल तुमचा आहे, कारण हे. पाठवायचं बटण दाबलं आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे काढत बसले, जणू मागे वळून पाहिलं तर कुणीतरी शटर ओढेल. परत आले तर उत्तर आलेलं. तिचं म्हणणं बरोबर आहे, चूक माझी आहे, तिनेच दुरुस्ती पाठवावी. बस, एवढंच. जगभरातले लोक वाचणार, ते कायम तिथे राहणार, आणि त्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. मला किती वाटलं ते मी सांगू शकत नाही. त्याच्याबद्दल आदर वाटला आणि तुमच्यावर जुना राग आला, दोन्ही एकदम.

दुरुस्ती दोन ओळींची. तरी ती तीनदा परत आली. एकदा मी ओळीच्या सुरुवातीच्या जागा चुकवल्या, एकदा कारण नीट लिहिलं नाही. तिसऱ्यांदा काय चुकलं ते सांगायलाही लाज वाटते. दुरुस्तीच्या खाली आपलं पूर्ण नाव लिहावं लागतं, की हे काम माझं आहे आणि मी ते सगळ्यांना देतेय. मी आपलं मार्कशीटवर असतं तसं लिहिलं, आडनाव आधी, मग माझं, मग तुमचं. तेव्हापासून तो मला शेवटच्या नावानेच हाक मारायला लागला. दुरुस्ती घेतली तेव्हा त्याने तुमचे आभार मानले, आण्णा. मी दुरुस्त करायला गेले नाही. ड्रायव्हर राहिला.

तेव्हापासून दर नव्या आवृत्तीआधी तो सगळ्यांच्या देखत विचारतो, तुमच्याकडे आवाज येतोय का? मी हळद लावते आणि कळवते, येतोय. मध्ये वहिनींनी मोठं घर घेतलं आणि त्या आडगावला राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आईला सांभाळा हां ताई." भिंतीपलीकडे आता कोचिंग क्लासवाल्याने सामान भरून ठेवलंय.

आणि या आठवड्यात पुन्हा तो विषय निघाला. कुणी नवीन माणूस म्हणाला, हे कार्ड अजून कोण वापरतं, आणि कशासाठी? उगाच किती दिवस ओझं वाहायचं? मेंटेनरने माझं नाव घातलं, म्हणजे तुमचं, आणि लिहिलं की त्या वापरतात, त्याच सांगतील. आज सकाळी मी सगळ्यांना उत्तर पाठवलं. लिहिलं की आमच्या नाशिकमध्ये घरोघरी जुन्या लग्नांच्या कॅसेट पडून आहेत, आणि त्या उतरवायला माझ्याकडे हे एकच साधन आहे. त्यावर दोघा-तिघांनी बरं म्हटलं. बहुतेक राहील ड्रायव्हर.

ते सगळ्यांसाठी लिहिलं. हे तुम्हाला लिहितेय, वरती पत्त्याची जागा रिकामी आहे आणि ती तशीच राहणार. वहिनींच्या नंतर माझ्याकडे एकही कॅसेट आलेली नाही. मी कुणाला विचारायलाही गेलेली नाही. मला त्या कार्डाचं काहीएक काम नाही, आण्णा. ते काढून टाकलं तर मला विचारणारं कुणी उरणार नाही, एवढ्यासाठी मी ते वापरते.